चाखून पाठवलं आहे

बुधवार, पेट्या भरून झाल्यावर

लाडक्या शेंगूस,

ही चिठ्ठी तुला तुझ्या पेटीत घेवड्याच्या शेंगांखाली सापडेल. टोमॅटोखाली ठेवली असती तर मागच्या वर्षीसारखी रसात भिजली असती आणि तू ती वाचण्याआधी वाळत घातली असतीस. फोन का नाही केला म्हणून विचारू नकोस. आपला फोन पेट्या भरायच्या शेडमध्ये भिंतीला टांगलेला आहे आणि मला बोलायचंय ते तुझ्या दादाबद्दल, जो त्याच शेडमध्ये दिवसभर माझ्या डोक्यावर उभा असतो. मोबाइलला रेंज येते ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर, आणि माझे गुडघे आता मला टाकी चढू देत नाहीत.

आधी शेताची खबरबात. उन्हाळा सरत आला. दुपारी अजून जीव नकोसा होतो, पण सकाळी वाफ्यात शिरलं की पावलं ओली होतात. टोमॅटोंनी उच्छाद मांडलाय. सकाळी तोडावेत तर संध्याकाळी परत तेवढेच लाल. तुमच्या गल्लीतले पाववाले काका पेटी उघडून मला लाखोली वाहत असतील. पण बोली ती बोली. हंगामाच्या आधी पैसे भरून सभासद व्हायचं आणि मग आठवड्याला शेत देईल ते गोड मानून घ्यायचं. सध्या शेत टोमॅटो देतंय, त्याला मी काय करू?

आता मुद्द्याचं. तुझा दादा जेवणाला नावं ठेवत नाही.

परत एकदा वाच. हो, तोच तुझा दादा. लग्न झाल्यापासून एक घास त्याने मुकाट गिळलेला मला आठवत नाही. मीठ कमी आहे, फोडणी जळली, हे वांगं काल तोडायला हवं होतं. टोमॅटोची फोड तोंडात टाकून तो विहिरीकडचा की बांधाकडचा हे सांगणारा माणूस. तुला माहीतच आहे, आपल्या शेताची सगळी अब्रू त्या जिभेवर उभी आहे. कुठल्याही भाजीची तोडणी सुरू झाली की प्रत्येक रांगेतलं पहिलं फळ तो कापतो, डोळे मिटून चावतो, मान हलवतो, आणि मगच ती रांग पेटीत जाते. तू करून दिलेला तो ‘चाखून पाठवलं आहे’चा शिक्का पेटीतल्या कागदावर उठतो तो उगीच नाही.

आणि आता? उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो तापाने झोपला होता ना, तेव्हापासून सगळं ‘छान’. परवा भाजी खाली लागली. करपल्याचा वास शेडपर्यंत गेला. हा शांतपणे जेवला आणि म्हणाला, “छान झाली होती.” आता हा टोमणा नाही तर काय? ओढ्याकाठचा तुकडा पुढच्या वर्षी पडीक ठेवू या, जमिनीला विसावा मिळेल, असं मी म्हटलं होतं. त्यावरून त्याने मनात धरलंय. भांडला असता तर परवडलं असतं गं. हे ‘छान’ मला खायला उठतं.

पुढच्या आठवड्यापासून दुधी. आपल्या घरच्या बियाण्याचा, त्याचा लाडका. आणि उन्हाळ्याच्या शेवटच्या रविवारी सभासद शेतावर येतील, झाडाखाली बसतील आणि पुढच्या वर्षी कोण कोण सोबत आहे ते सांगतील. त्यांनी हो म्हटलं तर शेत. नाहीतर तुझा दादा आणि मी दुसऱ्यांच्या बांधावर. त्या दिवशी असा तोंड शिवून बसला तर कसं व्हायचं?

तुझी
वहिनी


गुरुवार, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीतून

प्रिय वहिनी,

गाडीवाला रिकाम्या पेट्या रचतोय तोवर खरडते. तो घाई करतोय, म्हणून अक्षराला हसू नकोस.

दादा जेवणाला नावं ठेवत नाही? डॉक्टरला दाखव! नाहीतर हार घाल. लहानपणी माझ्या हातची पहिली भाजी खाऊन त्याने विचारलं होतं, “ही शिजवली आहेस की घाबरवली आहेस?” त्या माणसाकडून ‘छान’ ऐकायला मी काय वाट्टेल ते देईन. तुला फुकट मिळतंय तर कुरकुर करतेस.

बरं, गंमत ऐक. शाळा उघडायच्या आधी आमच्याकडे चष्म्यांची झुंबड असते, त्यात आमचे निवृत्त बँडमास्तर आले. तपासायला बसवलं, समोरचा तक्ता वाचा म्हटलं. खालच्या बारीक ओळीपर्यंत धडाधड वाचला. मी थक्क. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी तक्ता उलटा फिरवला, मागच्या बाजूला दुसरी अक्षरं असतात. मास्तरांनी पुन्हा तीच पहिली अक्षरं तशीच म्हणून दाखवली! बाहेर बाकावर नंबराची वाट बघत बसल्या बसल्या पाठ केली होती. हसू आवरून विचारलं तर म्हणाले, “बाई, जन्मभर लांबून सुरावट वाचली. दिसत नाही म्हणायचं कसं?” मग मला हसू आलं नाही. पुरुषांची जात अशी असते बघ, वाटेल ते करतील पण ‘मला जमत नाही’ एवढं म्हणणार नाहीत.

सभासद मजेत आहेत. मागच्या खोलीत पेट्या उचलायला आले की आधी शिक्का वाचतात आणि मग भाजीकडे बघतात. नर्सबाईंचे सासरे तर म्हणतात, “तुझ्या भावाने चाखलंय म्हटल्यावर आपण दात कशाला झिजवायचे!” पाववाल्या काकांनी टोमॅटोबद्दल विचारायला सांगितलंय की हे संपणार कधी.

दादाला सांग, शेंग रागावली आहे. का ते सांगू नकोस, विचार करू दे.

तुझी
शेंगू


बुधवार, अंधार पडायच्या आत

लाडक्या शेंगूस,

घाईत आहे. आज दुधी. पेटीत प्रत्येकी एक, कोवळा, नखाने टोचला तर पाणी सुटेल असा. सकाळी तुझा दादा रांगेच्या तोंडाशी बसला, फोड कापली, डोळे मिटून चावली. मी समोरच उभी होते. बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, “गोड आहे, भरा.” नंतर दुसरी रांग, तिसरी. “गोड आहे.” आवाजात काही नव्हतं बघ. आधी म्हणायचा, “काय दुधी आहे, लोणी!” आणि उरलेली फोड माझ्या तोंडात कोंबायचा. आज फोड वेलाखाली टाकली आणि पुढे गेला.

मी मुद्दाम त्याच्या आवडीचं जेवण केलं, भांडण मिटावं म्हणून. विचारलं, कसं झालंय? “छान.” शेंगू, मला वाटतं त्याला माझा कंटाळा आलाय. एवढ्या वर्षांनी येत असेल. लिहून टाकलं, आता बरं वाटतंय. फाडून टाक हे.

बँडमास्तरांची गोष्ट शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. सगळे हसले. तुझा दादा उठून बाहेर गेला.

वहिनी


शनिवार, टपालाने

प्रिय वहिनी,

फोनवर दादाच होता, म्हणून तुला सगळं नीट कळलं नसेल. दुधी कडू आहे. सगळे नाहीत, पण बरेच. साधे कडू नाहीत, विषारी कडू. नर्सबाईंच्या सासऱ्यांनी काल सकाळी रस काढला आणि औषध घेतात तसा एका दमात प्यायले. तासाभरात उलट्या. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, संध्याकाळी घरी आले. आता बरे आहेत, शिव्या देण्याइतके बरे. घाबरू नकोस. मी पेटी नेणाऱ्या प्रत्येकाच्या दारात जाऊन आले, दुधी फेकायला लावले. बाकी कुणाला काही नाही.

मी दादाला फोनवर एवढंच म्हटलं, “दादा, दुधी कडू निघालाय, माणसं आजारी पडली.” मग मी म्हटलं, “तू चाखला होतास ना?” त्याने फोन ठेवला.

वहिनी, मी रात्री खूप चिडले होते. इतकी हयगय? खोटं सांगून शिक्का मारला? गल्लीत लोक तेच बोलतायत. पाववाले काका म्हणाले, “टोमॅटो कितीही पाठवा हो, पण हे नको.” दोघींनी पुढच्या वर्षी नाही म्हणून सांगितलं.

आणि मग आज सकाळी तक्ता पुसताना एकदम माझा हात थांबला. तू लिहिलं होतंस, बँडमास्तरांच्या गोष्टीवर सगळे हसले आणि दादा उठून गेला.

वहिनी, त्याला कंटाळा आलेला नाही. राग पण आलेला नाही. तो पाठ केलेला तक्ता वाचतोय. तापापासून. उद्याच्या उद्या त्याच्या चहात साखरेच्या जागी मीठ घाल आणि काही न बोलता समोर बस.

शेंगू


मंगळवार, दुपार

शेंगू,

मीठ घातलं. दोन चमचे, उगीच शंका नको म्हणून.

तो सकाळी ओट्याशी उभा राहून चहा पितो, तुला माहीत आहे, खिडकीतून वाफे दिसतात तिथे. मी कप दिला आणि बसले. पहिला घोट घेतला, दुसरा घेतला. वाफ्यांकडे बघत सगळा कप संपवला. मी विचारलं, “कसा झालाय?” तर म्हणाला, “छान.”

मला रडूच फुटलं. तो गोंधळला. मी म्हटलं, “अरे, खारट समुद्र होता तो.” त्याने कप खाली ठेवला आणि खुर्चीत बसला. मग म्हणाला, “कधी कळलं?”

सगळं गेलंय गं. चव आणि वास, दोन्ही. तापातून उठल्यावर पहिल्याच जेवणाला त्याला कळलं की तोंडात कापूस आहे. वाटलं, चार दिवसांत येईल. मग वाटलं, पंधरा दिवसांत. मला का सांगितलं नाहीस म्हणून विचारलं तर म्हणतो, “तुला सांगितलं असतं तर स्वयंपाक करताना रोज रडली असतीस. आणि सभासदांना काय सांगणार? शिक्का मारणाऱ्याची जीभ मेली आहे?” म्हणून तो चावायचा, मान हलवायचा, आणि घरचं बियाणं आहे, गोडच असणार, अशा भरवशावर ‘गोड आहे’ म्हणायचा.

आणि घरचं बियाणं कडू कसं निघालं तेही शोधून काढलं आम्ही. मागच्या वर्षी कुंपणावर ते शोभेचे भोपळे नव्हते का, कमंडलूसारखे, ज्यांची मी चिमण्यांसाठी घरटी केली? तो कडू भोपळा. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि पतंग काही कुंपण बघून येत नाहीत. संकर झाला, तो बियाण्यात उतरला आणि यंदा फळात आला. त्या भोपळ्यांचं बी मला कुणी पाठवलं होतं, आठवतं? वाढदिवसाच्या पाकिटात? तुझं पाकीट, माझं कुंपण आणि तुझ्या दादाची जीभ. तिघांनी मिळून नर्सबाईंच्या सासऱ्यांना पाजलंय आपण.

हसले जरा. पण शेंगू, त्याने शिक्का खताच्या खड्ड्यात टाकलाय. मी नंतर उकरून काढला, धुतला आणि डब्यात लपवला. तो म्हणतो, रविवारी सभासद आले की सांगून टाकणार, शेत बंद. “ज्याला चव कळत नाही त्याने लोकांच्या ताटात वाढू नये.” मी समजावून थकले. एवढं वाईट मला तो तापाने फणफणला होता तेव्हाही वाटलं नव्हतं. जिभेचं कुणाला सांगू नकोस, मला शपथ घातली आहे त्याने आणि मी तुला घालते.

वहिनी


गुरुवार, मागच्या खोलीतून

प्रिय वहिनी,

शपथ मोडली. आधीच सांगून टाकते.

आज पेट्या आल्या, बिनशिक्क्याच्या. नर्सबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाल्या, “म्हणजे आता चाखणार पण नाहीत का?” असं काही झोंबलं मला, की तोंडातून निघून गेलं, “चाखतोय हो तो, त्याला कळत नाही!” मग काय, मूग गिळून गप्प बसणं मला कधी जमलंय? सगळं सांगितलं. चहापर्यंत.

पाववाल्या काकांच्या हातातून टोमॅटो सुटला. मग नर्सबाई म्हणाल्या, “अहो, मग सांगायचं नाही का? तापानंतर होतं असं. आमच्या वॉर्डात कितीतरी बघितलेत. बहुतेकांचं परत येतं, पण हळूहळू. नाकाला शिकवावं लागतं.” त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. रोज सकाळ-संध्याकाळ चार वास. लिंबाची साल, लवंग, आणि घरातले ओळखीचे कुठलेही दोन. डोळे मिटून हुंगायचं, आणि तो वास कसा होता ते आठवायचं. येत नसेल तरी आठवायचं. त्याला एकट्याला आठवणार नाही, तू बोलून दाखव.

सासऱ्यांना पण त्यांनी घरी जाऊन सांगितलं असणार, कारण संध्याकाळी म्हातारबाबा काठी टेकत दुकानात हजर. “तुझा भाऊ रविवारी शेतावर असणार ना?” मी म्हटलं, असणार. “बरं,” म्हणाले आणि निघून गेले. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. तो म्हातारा कुणाचं देणं ठेवत नाही अशी ख्याती आहे. त्यांना जरा सांभाळ.

मला रविवारी येता येणार नाही. शाळा उघडतायत, मालक सुट्टीचं नाव काढू देत नाहीत. नाहीतर पहिल्या गाडीने आले असते आणि दादाचा कान धरला असता. त्याला म्हणावं, मास्तरांना आता चष्मा लागलाय आणि ते परत बँडच्या मुलांना शिकवायला जातायत. जगात काही बुडालं नाही.

शेंगू


सोमवार, सकाळ

माझ्या गुणाच्या शेंगू,

शपथ मोडल्याबद्दल तुला माफ केलं. दुसऱ्या गोष्टीबद्दल केलेलं नाही, ती शेवटी सांगते.

चार वास सुरू केलेत. लिंबाची साल, लवंग, टोमॅटोचं पान आणि ओली माती. तो डोळे मिटून खाटेवर बसतो, मी नाकाशी धरते आणि सांगते. पहिल्या दिवशी दोघांनाही लाज वाटली. टोमॅटोच्या पानाचा वास कसा असतो ते सांगायला मला शब्दच सुचेनात. म्हटलं, “हिरवा असतो. तोडणी करून आल्यावर तुझ्या शर्टाला येतो ना, तो वास. मला तो आवडतो, म्हणून मी तुझे शर्ट सगळ्यात शेवटी धुते.” तो डोळे उघडून बघतच राहिला. म्हणाला, “हे कधी बोलली नाहीस.” मी म्हटलं, “तू विचारलंस कधी? तुझा सगळा वेळ मीठ कमी म्हणण्यात गेला.” तर आता आमचं असं चाललंय. जेवताना तो विचारतो आणि मी एकेका घासाचं सांगते. बोलून बोलून माझंच जेवण गार होतं.

पण शेत बंद करायचं त्याच्या डोक्यातून निघालं नव्हतं. रविवारी सकाळी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि कोर्टात उभं राहायचं असल्यासारखा झाडाखाली बसला.

लोक येतील की नाही हीच मला धास्ती. आले गं. सगळे नाहीत, त्या दोघी नाहीच आल्या, पण सतरंज्या कमी पडल्या. पाववाल्या काकांनी टोपलीभर पाव आणले आणि येता येताच म्हणाले, “टोमॅटो सोडून काही आहे का खायला?” आणि मग नर्सबाई आणि त्यांचे सासरे.

तुझा दादा उठून उभा राहिला. घसा खाकरला. “मला सगळ्यांना सांगायचंय,” एवढंच म्हणाला, तोच म्हातारबाबांनी काठी आपटली. “तू नंतर सांग. आधी माझं. मला विष पाजलंस तो दुधी कुठे आहे?” तुझा दादा म्हणाला, “वेल उद्या उपटणार आहोत. अजून आहेत.” “एक आण. माझ्यासमोर चाखायचा. मी पिऊन दाखवला, तू चावून दाखव.” नर्सबाई म्हणाल्या, “बाबा, अहो!” पण ते काही ऐकेनात.

चारचौघांत त्याची अशी शोभा? मी पुढे होणार तेवढ्यात तो वळला, सरळ दुधीच्या वाफ्यात गेला, एक तोडून आणला. रांगेच्या पहिल्या वेलाचा. चाकू काढला, फोड कापली, आणि सवयीने डोळे मिटले. तसाच चावायला लागला, नेहमीसारखा, सावकाश. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी खाली बघत होते.

चावणं थांबलं. मी वर बघितलं तर त्याच्या कपाळाला आठी. मग तोंड वाकडं झालं, आणि त्याने सगळ्या सभासदांसमोर, धुतलेल्या शर्टावर, थू करून फोड थुंकली.

“कडू!” म्हणाला. मग ओरडलाच, “अगं, कडू आहे हा! कडू जहर आहे!”

त्याने परत एक फोड तोंडात टाकली. परत थुंकला. मी रडतेय, तो जीभ बाहेर काढून हसतोय, नर्सबाई पाणी घेऊन धावतायत आणि पाववाले काका टाळ्या वाजवतायत. कडू निघाला म्हणून टाळ्या पडलेला दुधी जगात हा पहिलाच असेल. तो मला दंडाला धरून म्हणत होता, “थोडंसंच आहे, इथे मागे, जिभेच्या मुळाशी. पण आहे!”

म्हातारबाबा काठीवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, “झाली फिट्टंफाट. आता बोल, काय सांगणार होतास?” तुझ्या दादाला आठवेचना. मग मान खाली घालून म्हणाला, “बाबा, चुकलो. मला कळत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. पुढे कळलं नाही तर कळत नाही म्हणेन. दुसऱ्याला चाखायला लावेन. आणि दुधी आता नाही. ते बियाणं संपलं.”

तर म्हाताऱ्याने खिशातून काडेपेटी काढली. उघडली. आत दुधीच्या बिया. तीन-चार वर्षांपूर्वी हंगामाच्या शेवटी तुझ्या दादाने प्रत्येक पेटीत चिमूटभर बी भेट म्हणून घातलं होतं, आठवतं? कुंपणावरच्या भोपळ्यांच्या आधीचं. “आमच्या गॅलरीत ऊन येत नाही,” म्हातारबाबा म्हणाले, “लावता आलं नाही आणि टाकवलं पण नाही. घे. पुढच्या वर्षी रस पाज, पण गोड.” ते बघून पाववाले काका म्हणाले, आमच्या पिठाच्या डब्यात पण असेल बघा. आणखी कुणी म्हणालं, आमच्या शिवणाच्या पेटीत आहे. सगळ्यांनी जपून ठेवलंय गं! तू रिकाम्या पेट्यांवर नजर ठेव, त्यांतून बी परत येईल. ओलावा लागू देऊ नकोस.

पुढच्या वर्षाचं विचारायचं राहूनच गेलं. निघताना नर्सबाईंनीच मोठ्याने विचारलं, कोण कोण आहे? आणि मला दिसत होते तेवढे सगळे हात वर झाले. म्हातारबाबांनी काठी वर केली. ओढ्याकाठचा तुकडा पडीक ठेवायचा, हे तुझ्या दादाने स्वतःहून सगळ्यांना सांगितलं.

आता ती दुसरी गोष्ट. नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुमच्या नणंदेची तब्येत आता कशी आहे? त्या पण त्याच दिवशी दवाखान्यात होत्या ना, पलीकडच्या खाटेवर?” शेंगे! मला लिहितेस ‘बाकी कुणाला काही नाही’? पहिल्याच घासाला कडू लागला असेल ना? मग वाटीभर का खाल्लास? नर्सबाईंना म्हणे तू सांगितलंस, “दादाने चाखलाय, मला वाटलं माझंच तोंड कडू आहे.” अगं वेडे! मी हे तुझ्या दादाला सांगितलं. तो खूप वेळ दुधीचे वेल उपटत होता.

तुझी
वहिनी


बुधवार

शेंगेस,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. वहिनीने कागद दिला आणि दार लावून घेतलं.

माझ्यावर एवढा विश्वास ठेवत जाऊ नकोस. कडू लागलं की थुंकायचं, मी चाखलेलं असलं तरी.

तुझ्याकडे येणारं बी कोरडं आहे ना बघ. पाववाल्यांच्या डब्यातलं टपालाने आलं ते पिठाने माखलेलं होतं. चाळून ठेवलं.

वास अजून नाही. लवंग कधी कधी येते असं वाटतं आणि जाते. वहिनी रोज सांगते. ती सांगते ते ऐकायला बरं वाटतं. पण काल जेवताना भाजीत मीठ कमी होतं. मी तसं म्हटलं, तर ती हातातलं ताट तसंच ठेवून रडायला लागली. आज परत कमी होतं. मला वाटतं, मुद्दाम घालत नाही.

पेटीत टोमॅटो आहेत. तू म्हणशील परत टोमॅटो, पण शेवटचे आहेत. शिक्का कुठे होता कुणास ठाऊक, वहिनीने आज काढून दिला. शाई वाळली होती, थोडी थुंकी लावली.

टोमॅटो आंबट आहेत. चाखून पाठवलं आहे.

दादा